बाजी न लावणारा नालबंद

नालवाल्या चाचांनी उभी हयात पुण्याच्या रेसकोर्सवर काढली आणि एकदाही घोड्यावर पैसा लावला नाही. परंड्यात ही गोष्ट कोणाला खरी वाटत नसे. ज्याच्या हाताखालून शर्यतीचे घोडे गेले, आज कोणते जनावर अंग चोरणार हे ज्याला मालकाच्या आधी कळे, त्या माणसाने स्वतःसाठी कधी एक चिठ्ठीसुद्धा फाडली नाही, असे सांगितले की ऐकणारा एक तर हसे, नाही तर म्हणे, "म्हाताऱ्यानं पुरून ठेवलं असंल कुठंतरी." चाचांचे उत्तर ठरलेले होते. "ज्याचा पाय मांडीवर घेतला, त्याच्यावर पैसा लावायचा न्हाय. आणि माझ्या मांडीवर न आलेलं घोडं रेसकोर्सवर होतं कुठं?"

पशुवैद्यकीय पदवीच्या शेवटच्या वर्षी मी घोड्यांच्या खुरांचे कोन मोजण्याचा एक छोटा प्रकल्प हाती घेतला होता. आमच्या भागात घोडे मोजकेच. आणि ते सगळे नाल ठोकून घ्यायला एकाच ठिकाणी येत. ते ठिकाण म्हणजे कुर्डुवाडी रस्त्यावरची चाचांची पत्र्याची शेड. पुण्याचे काम कमी होत गेले तसे चाचा गावी परतले होते. साखर कारखान्याच्या हंगामात ऊस ओढणाऱ्या बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकणे, ही त्यांची मुख्य कमाई. ढोकीकडच्या गाड्यासुद्धा वाट वाकडी करून येत. लग्नाच्या वरातीच्या घोड्या आणि शर्यतीचे पाच-सहा घोडे हे त्यांच्या भाषेत 'शौकाचं काम' होते. मी कोनमापक काढून पहिल्या घोडीच्या खुराला लावला तेव्हा ते कानस बाजूला ठेवून माझ्याकडे कौतुकाने बघत राहिले. मी आकडा लिहिणार तेवढ्यात घोडी हलली. "मोजा, मोजा," चाचा म्हणाले. "ती हलली की पहिल्यापासनं मोजा. संध्याकाळपर्यंत एक पाय तरी हुईलच."

चारचौघांत ते मला 'डॉक्टरबाई' आणि 'तुम्ही' म्हणत; शेडमध्ये दोघेच असलो की 'बेटा' आणि 'तू'. हा फरक त्यांनी एकदाही चुकवला नाही. पदवी हाती यायला अजून सहा महिने होते तेव्हापासून मी लोकांसमोर डॉक्टर होते. वडीलधारी माणसे जिथे 'मास्तरांची पोरगी' म्हणून मला पाणी आणायला पाठवत, तिथे या एका माणसाच्या संबोधनामुळे माझ्यासाठी खुर्ची येऊ लागली.

त्यांची तपासण्याची रीत विचित्र होती. घोडे चालवायला सांगून ते स्वतः त्याच्याकडे पाठ करून बसत आणि डोळे मिटत. आम्हाला शिकवले होते ते बघायला: दुखरा पुढचा पाय जमिनीवर टेकला की घोडा डोके वर उचलतो, त्यावरून पाय ओळखायचा. मी डोके बघे, चाचा टापा ऐकत. आम्ही दोघे आपापले उत्तर वेगवेगळे सांगायचो आणि मग खूर दाबून पडताळायचो. मी त्याची वहीत नोंद ठेवली होती, कारण नोंद ठेवल्याशिवाय कोणावर विश्वास ठेवू नये असे माझे त्या वेळचे मत होते. माझी उत्तरे बऱ्यापैकी बरोबर येत. चाचांचे चुकलेले मला एकच आठवते, आणि त्या दिवशी शेजारी पिठाची गिरणी चालू होती. हे कसे जमते, असे मी खोदून विचारले तेव्हा त्यांनी बराच विचार केला. "दुखरं पाऊल जमिनीला सलाम करून पळतं. बरं पाऊल बसून चहा घेतं." यापेक्षा काटेकोर व्याख्या त्यांना करता आली नाही, आणि मलाही अजून आलेली नाही.

शर्यतींच्या भवितव्याविषयी मी त्यांच्याशी वाद घालत असे. माझ्या मते बाजी हा गणितात कच्च्या लोकांवर बसवलेला कर होता, आणि तो धंदा बुडत असेल तर रडण्याचे कारण नव्हते. चाचा चिडले नाहीत. त्यांनी भट्टीतला एक कोळसा माझ्या हातात दिला आणि पांढऱ्या भिंतीकडे बोट केले. "काढ बरं. पैसा कुठनं कुठं जातो ते." मी बाणांची आकृती काढली: बाजी लावणारा, त्यातून रेसकोर्सची कपात, कपातीतून बक्षीस, बक्षिसातून मालक, मालकाकडून प्रशिक्षक. मी थांबले. "झालं?" त्यांनी विचारले. मग स्वतः उठून त्यांनी खाली एकेक रेघ ओढली आणि मला नावे लिहायला लावली. मोतद्दार, म्हणजे घोड्याची रोज सेवा करणारा माणूस. गवतवाला. नालबंद. जॉकीचे कपडे धुणारी बाई. मोतद्दाराच्या पोराची शाळा. भिंत संपली तरी त्यांची यादी संपेना.

"आता बघ. सरकारनं कर वाढवला, बाजीवाला चोरट्या बुकीकडं गेला. नंतर मोबाईल आला. आता बाजी बसल्या जागी लागती, पत्त्यावर, क्रिकेटवर, कशावर बी. बाजी काय कमी झाली व्हय? लई वाढली. पण त्या पैशाला आता टापा न्हाईत." मग ते जे बोलले ते मी पुढे अनेक चर्चासत्रांत, त्यांचे नाव न घेता, स्वतःचा मुद्दा म्हणून मांडले आहे. "पैसा घोड्याच्या पोटातनं गेला पायजे, बेटा. घोड्याच्या पोटातनं गेला तर चार घरं खातात. फोनच्या पोटातनं गेला तर फोनच खातो."

म्हणून ते बाजीचे समर्थक होते असे मात्र नाही. जुगार धर्मात निषिद्ध आहे, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. जुम्म्याच्या नमाजाला ते कधी चुकले नाहीत. आपली रोजी त्याच पैशातून आली, याचा त्यांना सल होता. एकदा मी आगाऊपणे तोच प्रश्न विचारला. ते बराच वेळ खूर तासत राहिले. "मी लोखंडाची मजुरी घेतली. त्या मजुरीत बाजी किती, ते वरचा हिशेब करंल. माझ्या हातात एवढंच हुतं की आपण हात घालायचा न्हाय. तेवढं केलं." बाजी न लावणे हे त्यांच्या दृष्टीने शहाणपण नव्हते. आयुष्यभर सांभाळलेली ती एकच मालमत्ता होती.

परंड्याजवळच्या एका गावात उरुसाच्या दुसऱ्या दिवशी घोड्यांची शर्यत होत असे. परिसरातले शर्यतीचे घोडे टिकून होते ते या एका दिवसाच्या जोरावर. वर्षभर चारा घालायला मालकाला काहीतरी निमित्त लागते. शर्यतीची कमिटी दगडूअण्णांच्या हातात होती. अण्णा मेंढपाळाच्या घरातले, मोठ्या आवाजाचे, आणि मैना नावाच्या घोडीचे मालक. मैना मूळची रेसकोर्सची. तिथले तबेले रिकामे होऊ लागले तेव्हा चाचांनीच ती अण्णांना मिळवून दिली होती, आणि सलग तीन उरूस तिने जिंकले होते. माझी पदवी झाली, मी परंड्यात काम सुरू केले, त्या वर्षी कमिटीकडे बक्षिसालाही पैसे उरले नव्हते. शर्यत बंद पडली असती. तेवढ्यात सोलापूरचा एक तरुण जाहिरातवाला आला. मोबाईलवर पैसे लावण्याचा खेळ चालवणाऱ्या कोण्या कंपनीचे तो काम बघत असे. सगळा खर्च तो देणार होता. शर्यत फोनवर थेट दिसणार होती आणि लोक घरबसल्या घोड्यांवर पैसे लावणार होते.

ही बोलणी चाचांच्या शेडमध्ये झाली.

"मैना पळाली पायजे, अण्णा," जाहिरातवाला म्हणाला. "तिचं नाव आहे. ती नसेल तर आमची कंपनी नाही."

"मैना न पळून करती काय? घरात बसून काय भाकरी थापायच्यात व्हय तिला?" अण्णा गरजले. "चाचा, बोला की. शर्यत वाचतीया."

चाचांनी पाहुण्याला आपादमस्तक पाहिले. "बाजीशिवाय शर्यत म्हंजी मिठाशिवाय मटन, हे मला मंजूर हाय. पण ह्ये साहेब नुसतं मीठच घेऊन आल्यात." थोड्या वेळाने ते म्हणाले, "एक अट. घोडी-घोडे डॉक्टरबाई तपासतील. त्या न्हाय म्हणल्या तर न्हाय."

जाहिरातवाल्याला ते आवडलेच. प्रमाणपत्र त्याला फलकावर दाखवता येणार होते. मलाही आवडले. ग्रामीण शर्यतींतल्या घोड्यांच्या तपासणीची एक पद्धत मी तयार केली, टप्पे ठरवले, तक्ता केला, आणि उच्च शिक्षणाच्या निवडीसाठी एका नामांकित संस्थेकडे जो अर्ज पाठवायचा होता त्याला तोच अहवाल मुख्य काम म्हणून जोडायचे ठरवले. आमच्या तालुक्यातून त्या संस्थेत कोणी गेले नव्हते. मला जायचे होते, आणि ही इच्छा मी कधी लपवली नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी मी सगळे घोडे शर्यतीच्या रानात तपासले. काळी, नांगरलेली, भुसभुशीत जमीन. प्रत्येक घोडा सरळ रेषेत दुडक्या चालीने पळवला, डोक्याची हालचाल पाहिली, चित्रीकरण केले. मैनेचे डोके काट्यासारखे स्थिर होते. मी तिला सर्वांत वरचा दर्जा दिला आणि सही केली. दुपारी चाचांनी तिला नवी नाल ठोकली.

शर्यतीच्या दिवशी सकाळी अण्णांचा माणूस मैनेला डांबरी रस्त्याने मिरवत शेडवरून घेऊन निघाला. मी चाचांसमोर चहा घेत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "थांबव तिला," ते म्हणाले. त्यांनी तिला पुन्हा एकदा रस्त्यावर चालवून घेतले, मग मागच्या बाजूला आणवले, आणि माणसाला पाणी आणायला पाठवले.

"बेटा, हिचे पुढचे दोन्ही पाय दुखतात."

"शक्य नाही. डोके बिलकूल हलत नाही. काल मी…"

"काल तू कुठं पळवलीस?"

"रानात."

"रानात गादी असती. आणि डोकं हलंल कसं? एक पाय दुखला तर घोडं लंगडतं. दोन्ही दुखले तर घोडं शहाणं होतं. काल नाल ठोकताना ही कशी गरीब उभी राहिली हुती, मला तवाच कळाय पायजे हुतं."

मी खूर दाबण्याचा चिमटा घेतला. खिळे कडेला असतात; डाव्या खुराच्या मध्यभागी दाबताच मैनेने पाय हिसकला. उजव्याला तसेच. हे पाठ्यपुस्तकात आहे. दोन्ही पाय सारखेच दुखत असतील तर कोणत्या पायावरचा भार टाळणार? म्हणून डोके हलत नाही, फक्त पाऊल आखूड पडते. आणि मऊ जमिनीवर तेही लपते. शर्यतीचा शेवटचा टप्पा डांबरी रस्त्याचा होता. पूर्ण वेगात, त्या पायांनी, वर बसलेल्या स्वारासह. दोन्ही पायांचे हे लक्षण मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते.

"मी प्रमाणपत्र रद्द करते," मी म्हणाले.

"अर्ज गेला तुझा?"

"परवा गेला. कालची तपासणी पुरवणी म्हणून आज जायची आहे."

चाचांनी अवजारांची पेटी उचलली, मैनेचा लगाम धरला आणि तिला थेट रानात, सगळ्या गर्दीसमोर नेले. तिथे तिचा पाय मांडीवर घेतला आणि सांडशीने कालची नवी नाल उपटली. मग दुसरी. अण्णा धावत आले.

"चाचा! डोकं फिरलं काय?"

"खिळा जिवाला लागलाय," चाचा मोठ्याने म्हणाले. नाल ठोकताना खिळा खुराच्या कडेतून बाहेर निघण्याऐवजी आतल्या जिवंत मांसाला लागणे, ही नालबंदाची सर्वांत मोठी बदनामी. "दोन्ही पायाला. काल ठोकतानाच कळलं हुतं मला. बोललो न्हाय. डॉक्टरबाईंनी बघितली तवा घोडी चांगली हुती. चूक माझी."

मी तिथेच उभी होते. दहा पावलांवर. मला बोलायला पुरेसा वेळ होता. हे मी नंतर अनेकदा मनात मोजून पाहिले आहे.

जाहिरातवाल्याने फोनवर कोणाशी तरी बोलून घेतले, आणि तासाभरात त्याचे फलक उतरले. शर्यत झाली नाही. गर्दी पांगताना मागून एकजण म्हणाला, "किती घेतलं रं चाचानं?" दुसरा म्हणाला, "फोनवर उलटी बाजी लावली असंल की. आयुष्यभर गरीब बनला आन् एकाच दिवसात कमावून बसला." अण्णांनी हे ऐकले. त्यांनी कोणाला अडवले नाही. जाताना चाचांना एवढेच म्हणाले, "माझ्यापाशी मागितलं असतं तर दिलं असतं की वो मी." चाचा पेटी आवरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये जाऊन म्हणाले की मी सगळ्यांना खरे सांगणार आहे. ते संतापले, तसे मी त्यांना त्याआधी पाहिले नव्हते. "सांग. मंग मी खोटा पडतो, तू बी पडतीस, घोडीचा पाय तर वाचलाच हाय. मला काय, अजून चार नाली ठोकायच्यात. तुला अजून लई घोडे बघायचेत. गप राहा." मी गप्प राहिले. हा तर्क मला पटला, कारण तो मला सोयीचा होता.

माझी निवड झाली. चाचांकडे शौकाचे काम येणे आधी थांबले, मग बैलही दुसरीकडे जाऊ लागले. शिवाय उसाच्या वाहतुकीत ट्रॅक्टर वाढत होतेच. शेड बंद करून ते सोलापूरला मुलीकडे गेले. जाण्याआधी मी भेटले तेव्हा ते अवजारे भंगारवाल्याला देत होते आणि प्रत्येक अवजारावर त्याच्याशी भांडत होते. "ही कानस हाय, लोखंडाचा तुकडा न्हाय, बाबा," ते त्याला सांगत होते. मला म्हणाले, "तिथं शीक, पण कान ठेवून शीक." एवढेच. गाडी लागली म्हणून ते निघाले. पुढच्या वर्षी संस्थेत माझी परीक्षा चालू असताना त्यांच्या मुलीचा फोन आला, की अब्बा गेले.

शिक्षण संपवून मी परत आले. मोबाईलवर पैसे लावण्याचे ते खेळ दरम्यान कायद्याने बंद झाले होते. रेसकोर्सची अवस्था काही सुधारली नव्हती. अण्णांनी मात्र शर्यत पुन्हा भरवायचे ठरवले होते. मालकांनी वर्गणी काढली होती आणि बक्षीस लहान होते. मैना पळणार नव्हती. तिला एक शिंगरू झाले होते. मला बैठकीला बोलावले ते तपासणीची जबाबदारी देण्यासाठी. अण्णांनी माझी ओळख करून देताना संस्थेचे नाव दोनदा घेतले.

मी उठून सांगितले. मऊ जमीन, दोन्ही पाय, माझी सही, माझा अर्ज. तक्त्याप्रमाणे, क्रमाने सांगितले. दुसऱ्या पद्धतीने मला ते जमले नसते. चाचांनी कोणाकडून काही घेतले नव्हते, हे शेवटी सांगितले.

मग अण्णांनी विचारले, "मंग तवाच का न्हाय बोललात, बाई?"

"त्यांनी गप्प राहायला सांगितलं होतं."

"त्यांनी सांगितलं," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज प्रथमच लहान होता. "राहिलात तुमी. आन् मी बी लोकांचं ऐकून घेतलं."

त्यांनी कमिटीची वही माझ्यापुढे सरकवली. त्या वर्षीच्या पानावर, शर्यत रद्द झाल्याचे कारण म्हणून, कोणीतरी लिहून ठेवले होते: नालबंदाची चूक. मी ती ओळ खोडली नाही, कारण नोंद खोडू नये असे मी शिकले आहे. तिच्या खाली तारीख घातली आणि लिहिले: नाल बरोबर बसली होती. तपासणी चुकली होती. आणि सही केली.